'भूल' या शब्दाचा अर्थ बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (परदेशी व्यावसायिकांचा तात्पुरता प्रवेश),
व्यापार करार अंमलबजावणी कार्यालय,
तिसरा मजला, खिडकी क्रमांक चार मार्फत.

विषय : माझ्या व्यवसायाच्या नावातील 'भूल' या शब्दाचा आपल्या दफ्तरी लावलेला अर्थ बदलून मला 'भाग ब' मधून 'भाग अ' मध्ये घेणेबाबत.

संदर्भ : (१) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (२) त्यांवर आलेली आपली तीन उत्तरे, पैकी एक क्षमापत्र. (३) खिडकी क्रमांक चारवरील बाईंनी दिलेला तोंडी सल्ला, की "पुन्हा एकदा लिहून बघा, त्यात तुमचं काय जातंय."

महोदय,

१. मी, खाली सही करणारी, शिक्षणाने डॉक्टर व व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनपूर्वी रोग्याला औषध देऊन झोपवणे, ऑपरेशन चालू असेपर्यंत त्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास आणि नाडी सांभाळणे, आणि काम झाले की त्याला सुखरूप जागे करणे, हे माझे काम. आमच्या भाषेत याला 'भूल देणे' म्हणतात. दाढ काढायला गेलेला माणूससुद्धा "भूल दिली का हो?" असे विचारून मगच तोंड उघडतो. एवढा खुलासा सुरुवातीलाच करण्याचे कारण असे, की माझ्या सर्व अडचणी या एका शब्दापासून सुरू झाल्या आणि अद्याप त्याच शब्दाशी अडून बसल्या आहेत.

२. आपल्या व माझ्या देशांत झालेल्या व्यापार करारानुसार आपल्याकडची यंत्रे आमच्याकडे जकातीशिवाय येतात आणि त्या बदल्यात आमच्याकडची शिकलेली माणसे ठराविक मुदतीसाठी आपल्याकडे कामाला येतात. यंत्रे कायमची येतात व माणसे तात्पुरती, याबद्दल माझी तक्रार नाही. करार करणाऱ्यांनी विचार केला असेल. कराराच्या परिशिष्टात दोन भाग आहेत. 'भाग अ' मध्ये डॉक्टर येतात व त्यांना नवरा-बायको, मुले सोबत आणता येतात. 'भाग ब' मध्ये कारखान्यांतील चुका व दोष तपासणारे तंत्रज्ञ येतात. त्यांनी एकट्याने यायचे असते, मात्र त्यांना 'कामाची हत्यारे व नमुने' सोबत आणण्याची मुभा आहे. मी अर्थातच 'भाग अ' मध्ये अर्ज केला होता. आपल्या कार्यालयाच्या अनुवादकांनी माझ्या प्रमाणपत्रावरील 'भूलतज्ज्ञ' या शब्दाचा अनुवाद 'चुकांची तज्ज्ञ' असा केला आणि माझी रवानगी 'भाग ब' मध्ये झाली.

३. यात सगळा दोष अनुवादकांचा आहे असे मी म्हणणार नाही. शब्द फसवा आहे हे मान्य. आमच्या भाषेत भूल होणे म्हणजे चूक होणे, भूल पडणे म्हणजे मोहात पडणे, आणि भूल देणे म्हणजे मी वर सांगितले ते. त्यात भर घातली माझ्या जुन्या इस्पितळाच्या हेडक्लार्क काकांनी. त्यांनी माझा अनुभवाचा दाखला लिहिला आणि बिलाखाली लिहायची सवय म्हणून दाखल्याच्याही तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे टाकले. आमच्याकडे ही ओळ कोणी वाचत नाही. अनुवादकांनी वाचली. त्यांनी कागदपत्रांच्या समासात केलेली टीप खिडकीवरच्या बाईंनी मला दाखवली आहे. तीत लिहिले आहे : 'अर्जदार चुका देण्याचे काम करते. तिच्या इस्पितळात चुका देण्या-घेण्याचा नियमित व्यवहार असल्याचे दाखल्यावरून दिसते.' हे मी फोनवर घरी वाचून दाखवले तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अनुवाद बरोबरच आहे की. मी लग्न ठरलं तेव्हाच सांगत होते." त्यांचे हे विधान थट्टेचे असून ते पुरावा म्हणून दफ्तरी लावू नये.

४. व्हिसा हाती आला तेव्हाच ही गफलत माझ्या ध्यानात आली होती. पण माझे सहकारी डॉक्टर 'भाग अ' मध्ये वर्षानुवर्षे ताटकळत होते आणि माझा व्हिसा झटक्यात आला होता. चुकांच्या तज्ज्ञांची आपल्याकडे टंचाई असावी. माझे पती म्हणाले, "तू जा तर खरी. एक शब्द तर बदलायचाय. तिथं गेल्यावर कुठल्या तरी खिडकीवर बदलून देतील." माझे पती चित्रकला शिकवत असत. शाळेने चित्रकला बंद केल्यापासून घर माझ्या पगारावर चालते. म्हणून मी निघाले. निघताना माझ्या मुलीची कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती, म्हणजे शब्द बदलला की लगेच निघता यावे. मुलगी तेव्हा बालवर्गात होती.

५. येथे आल्यावर मला नियम समजला. अनुवादासंबंधीची तक्रार मूळ भाषेतच करावी लागते. ती तक्रार कार्यालयाचे अनुवादक अनुवादित करतात. आमच्या भाषेचे अनुवादक आपल्याकडे एकच आहेत. निःपक्षपातीपणाला बाधा येऊ नये म्हणून ते अर्जदारांना भेटत नाहीत. त्यामुळे पुढीलप्रमाणे घडले. पहिल्या अर्जात मी लिहिले, 'माझ्या व्यवसायातील भूल समजून घ्यावी.' आपले उत्तर आले, की माझ्याकडून व्यवसायात झालेल्या चुकीबद्दल कार्यालय उदार मनाने क्षमा करीत आहे. दुसऱ्या अर्जात मी सरळ लिहिले, 'मला रोग्यांना भूल देण्याची परवानगी मिळावी.' उत्तर आले, की रोग्यांच्या बाबतीत जाणूनबुजून चुका करण्याची परवानगी कोणालाही देता येत नाही आणि अशी मागणी पुन्हा केल्यास पोलिसांना कळवले जाईल. तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. तो शब्दच टाळला आणि स्वतःला 'बधिरीकरणतज्ज्ञ' म्हटले. उत्तर आले, की लोकांना बहिरे करणे हा व्यवसाय कराराच्या कोणत्याही भागात बसत नाही. हसू येण्यासारखी गोष्ट आहे हे मला कळते. मीही पहिल्या उत्तराला हसले होते.

६. आता माझ्या कामाबद्दल. इस्पितळाला भूलतज्ज्ञच हवी होती. येथे एकच भूलतज्ज्ञ असून ते दुसऱ्या गावाहून येतात. ते आले नाहीत की ऑपरेशने पुढे ढकलली जातात. परंतु माझा परवाना 'भाग ब'चा असल्यामुळे मला ऑपरेशन थिएटरच्या दारावरची लाल रेघ ओलांडता येत नाही. इस्पितळाचे अधीक्षक सज्जन गृहस्थ आहेत. करार मोडू नये आणि मी रिकामीही बसू नये म्हणून त्यांनी तळघरात, धुलाईखोली आणि एक्स-रे विभाग यांच्या मध्ये, मला एक खोली दिली व दारावर 'चुका कक्ष' अशी पाटी लावली. खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत, एक चूक सांगणाऱ्याची आणि एक माझी. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रे दिवसभर घुसळत असतात. आधी लोक पाटी वाचून हसायला येत. मग एक परिचारिका आली, तिने दार लोटून घेतले आणि चुकीच्या रोग्याला दिलेल्या गोळीबद्दल सांगितले. ती खुर्चीत बराच वेळ रडली. तिच्यानंतर इतर येऊ लागले. मी विशेष काही करत नाही. उशाशी बसायची सवय आहे, तशी बसते. बोलणाऱ्याचा श्वास कुठे अडकतो ते मला कळते आणि तिथे मी घाई करत नाही.

७. एकदा मात्र माझ्याकडून नियमभंग झाला, तो येथे स्वतःहून नमूद करते. नुकतेच ऑपरेशन झालेल्या व भूल पुरती न उतरलेल्या एका वयस्कर सुतारांना एक्स-रेसाठी खाली आणले होते आणि त्यांची स्ट्रेचरची गाडी माझ्या दाराशी उभी होती. सोबतचा वॉर्डबॉय भिंतीला टेकून म्हणाला, "काका काय मस्त घोरतायत बघा." काका घोरत नव्हते. जीभ मागे पडून त्यांचा श्वास कोंडत होता. मग तो आवाजही थांबला. मी उठले, त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलून धरली, आणि श्वास पुन्हा सुरू झाला. येथे आल्यापासून माझ्या हातांनी केलेले तेवढेच एक काम. ते करताना मला फार बरे वाटले, हेही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी परवान्याबाहेरील कृत्य केल्याबद्दल मला नोटीस मिळाली. अधीक्षक स्वतः ती द्यायला खाली आले आणि ओशाळून म्हणाले, "माणूस वाचला हे खरंय हो बाई. पण कागदावर तुम्ही डॉक्टर नाही ना." इस्पितळाच्या नियमानुसार प्रत्येक चुकीची सुनावणी माझ्याच कक्षात होते. तेव्हा मी दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसले. माझ्या खुर्चीतून मी विचारले, "पुन्हा असं होईल का?" आणि समोरच्या खुर्चीत जाऊन मी सांगितले, "होईल."

८. यानंतर जे झाले त्याने माझी उरलीसुरली आशा गेली. इस्पितळाने आपल्याकडे वार्षिक अहवाल पाठवला. माझा कक्ष सुरू झाल्यापासून चुका पुष्कळ कमी झाल्या आहेत, असे त्यात कौतुकाने लिहिले होते. अधीक्षकांचा हेतू चांगला होता. त्यांना वाटले, कौतुक वाचून आपण माझे ऐकाल. आपल्या कार्यालयाने त्यावर मला पत्र पाठवले, की अर्जदाराची चुकांच्या क्षेत्रातील कामगिरी उत्कृष्ट आहे, त्या अर्थी मूळ अनुवाद अचूक होता, सबब वर्गवारीबाबतचे प्रकरण बंद करण्यात येत असून अर्जदारास 'भाग ब' खाली मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे. मी मुदतवाढ मागितलेली नव्हती. काम वाईट केले असते तर परत पाठवले असतेत, चांगले केले म्हणून अडकवून ठेवलेत, आणि मला वाईट काम करता येत नाही. आपण म्हणाल, मग परत का जात नाही. घरच्या इस्पितळात माझ्या जागी दुसरे कोणी लागले आहे. शिवाय आपल्या शिक्क्यानिशी 'चुकांची तज्ज्ञ' असे लिहिलेला परवाना घेऊन मी कोणत्या इस्पितळाच्या दारात उभी राहू? भूलतज्ज्ञ म्हणून गेलेली बाई चुकांची तज्ज्ञ होऊन परत आली, तर तिच्या हाती आपला श्वास कोण देईल?

९. माझ्या मुलीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण हा सर्व खटाटोप तिच्यासाठी आहे. तिने फोनवर मला विचारले, "आई, तू तिथं काय काम करतेस?" मी सांगितले, "लोक चुका करतात आणि मला येऊन सांगतात." दुसऱ्या दिवशी तिने फोन मागून घेतला आणि म्हणाली, "आई, मी आज कप फोडला. आता मी येऊ का तुझ्याकडे?" मी म्हटले, "अजून नाही गं." तिला वाटले, कप पुरेसा नाही. त्यानंतर ती आजीच्या चष्म्यावर बसली. बाबांच्या रंगाच्या बाटल्या तिने अंथरुणावर ओतल्या. दोन्ही पाय एकाच बुटात घालून चालायला गेली आणि गुडघे फोडून घेतले. सासूबाई रागावल्या तेव्हा ती म्हणाली, "मी मुद्दाम चुकून केलं." माझे पती मला म्हणाले, "तिला तू काही बोलू नकोस. तिला वाटतंय हाच तुझ्याकडे यायचा रस्ता आहे." दाराशी ठेवलेल्या पिशवीतले कपडे आखूड होतात तसे माझे पती ते बदलतात आणि पिशवी पुन्हा भरून ठेवतात. मी येथे दिवसभर लोकांचे ऐकून घेते. माझ्या मुलीच्या चुका मात्र माझ्यासाठी असूनही मला तिथे जाऊन ऐकता येत नाहीत.

१०. महोदय, हा परिच्छेद आपल्यासाठी नाही, अनुवादकांसाठी आहे, त्याबद्दल माफी असावी.

अनुवादक महाशय, मी आपल्याला पाहिलेले नाही. खिडकीवरच्या बाई सांगतात, की आपण वयस्कर आहात, डबा एकटेच खाता, भिंतीकडे तोंड करून. आमची भाषा आपल्याला कुठे मिळाली, घरात की पुस्तकात? आपण आमच्याकडचेच असाल आणि लहानपणीच इकडे आला असाल, तर घरी कोणाच्या तरी तोंडी 'भूल' हा शब्द फक्त चुकीसाठी असेल, आणि तोच आपण इतकी वर्षे जपून ठेवला असेल. मला आपला राग येत नाही. म्हणजे येत होता, आता येत नाही. आपले अद्याप कसलेही ऑपरेशन झालेले नसावे अशी माझी आशा आहे. पण पुढेमागे झाले, आणि उशाशी उभी असलेली आमच्याकडची एखादी बाई वाकून आपल्याला म्हणाली, "घाबरू नका हं, आता भूल देते", तर त्या क्षणी आपल्याला काय ऐकू येईल, या विचाराने माझी झोप उडते. तेव्हा कृपा करून लक्षात ठेवा : तिचा अर्थ झोप असा असेल. ती शेवटपर्यंत तिथेच बसून राहणार असेल. आपण इकडे कोणत्या भागातून आलात, एकटेच का, हे विचारायचे होते. उत्तर देणे नियमात बसत नसल्यास राहू द्या. या सगळ्याच्या जागी 'अर्जदाराने कार्यालयाचे आभार मानले आहेत' एवढेच लिहिलेत तरी चालेल.

११. वरील परिस्थितीत माझ्या विनंत्या खालीलप्रमाणे आहेत.

(अ) 'भूल' या शब्दाचा अर्थ आपल्या दफ्तरी बदलून मला 'भाग अ' मध्ये घ्यावे. हे होणार नाही याची मला कल्पना आहे. अर्जात न लिहिलेली गोष्ट मिळत नाही, म्हणून लिहिले.

(आ) ते शक्य नसल्यास, 'भाग ब' च्या तज्ज्ञाला 'कामाची हत्यारे व नमुने' आणण्याची जी मुभा आहे, तिच्याखाली माझ्या मुलीला चुकांचा नमुना म्हणून सोबत आणण्यास परवानगी द्यावी. तिने केलेल्या चुकांचा तपशील परिच्छेद ९ मध्ये आलाच आहे. त्या सर्व खऱ्या असून घरात पाहणारी दोन मोठी माणसे आहेत. नमुना लहान आहे, जागा फारशी व्यापणार नाही. आपल्या लेखी ती माझी मुलगी असण्याची गरज नाही. माणूस म्हणून नोंद करता येत नसेल तर वस्तू म्हणून करावी, माझी हरकत नाही. पोटच्या पोरीबद्दल असे लिहिताना मला लाज वाटते आहे, तरीही लिहीत आहे.

(इ) तेही शक्य नसल्यास, निदान या अर्जाला आपले उत्तर येऊ नये. आपल्या प्रत्येक उत्तराने मी एक पायरी आणखी खाली गेले आहे आणि माझी खोली आधीच तळघरात आहे.

हेडक्लार्क काकांसारखी कागदाच्या तळाशी एक ओळ लिहायची आमच्याकडे सवय असते. ती मी या वेळी मुद्दाम लिहिलेली नाही.

आपल्या एका शब्दाच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
(सही)
आपल्या दफ्तरी चुकांची तज्ज्ञ

स्थळ : चुका कक्ष, तळघर
दिनांक : आजचाच, खिडकी बंद होण्यापूर्वी

सोबत :
(१) 'भूलतज्ज्ञ' असे लिहिलेले मूळ प्रमाणपत्र.
(२) हेडक्लार्क काकांचा दाखला, तळाची ओळ खोडून. खोडल्याबद्दल त्यांची सही आहे. पत्रासोबत ते लिहितात, "बाई, माझ्यामुळं एवढं रामायण झालं, माफ करा."
(३) माझ्या मुलीने फोडलेल्या कपाचा कान. मूळ वस्तू जोडली आहे, हिची नक्कल काढता येत नाही. तो माझ्या पतींनी पाकिटातून पाठवला होता.

ता. क. : वरील अर्ज पुरा करून मी खिडकी क्रमांक चारच्या रांगेत उभी असताना घरून फोन आला. मुलगी म्हणाली, "आई, आजी म्हणते मी आता शहाणी झाले. मी आता काहीच चुकत नाही." मी विचारले, "मग माझ्याकडे नाही का यायचं?" ती म्हणाली, "तूच ये ना कधीतरी. पण काम असेल तर राहू दे." मागून पतींनी सांगितले, की तिने दाराशी ठेवलेली पिशवी आपणहून रिकामी केली आणि आता ती शाळेत खेळाचे कपडे न्यायला वापरते. ती शहाणी झाली म्हणून घरात सगळ्यांना बरे वाटत आहे. मी आई असून मला वाटत नाही, एवढे येथे नोंदवते. सबब परिच्छेद ११ मधील विनंती (आ) मी मागे घेत आहे. नमुना म्हणून ती आता पात्र राहिलेली नाही. अर्जाचे काय व्हायचे ते होवो, कपाचा कान मात्र मला परत मिळावा, ही विनंती.